बिनचाकाचं गेट

बद्रीनाथ सरांना आयुष्यात पस्तावण्यासारखं फारसं काही मिळालं नव्हतं. बत्तीस वर्षं एकाच शाळेत विज्ञान शिकवलं, वेळेवर निवृत्त झाले, बीडला पालीच्या रस्त्यावर घर बांधलं, ब्लडप्रेशरची गोळी न चुकता घेतली. अशा माणसाला पश्चात्तापाला जागा कुठे असते? ती सरांनी स्वतःच करून घेतली. चांगली बारा फूट रुंद करून घेतली.

झालं असं, की पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने, रविराजने, गाडी घेतली. आईला त्याने फोनवर गाडीचा रंग सांगितला, सीट किती मऊ आहेत ते सांगितलं, आणि वडिलांना एवढंच विचारलं, "बाबा, दिवाळीला येऊ तेव्हा गाडी लावायची कुठे?" प्रश्न साधा होता. 'रस्त्यावर' हे उत्तरही साधंच होतं, कॉलनीतल्या सगळ्याच गाड्या रस्त्यावर उभ्या असत. पण सरांना वाटलं, मुलाची नवीकोरी गाडी उन्हात रस्त्यावर आणि बाप सावलीत, हे बरं दिसत नाही. जुन्या गेटमधून सरांची स्कूटर आणि गॅसची टाकी यापलीकडे काही आत येत नव्हतं. तेव्हा नवं गेट करायचं ठरलं, तेही दिवाळीच्या आत.

हा विचार सरांनी सकाळी सात वाजता वत्सलाबाईंना, म्हणजे आपल्या पत्नीला, सांगितला. आठ वाजता समोरचे नाथाअण्णा सल्ला घेऊन हजर झाले. नाथाअण्णा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. कुठल्याही विषयावर त्यांचं मत तयार असे आणि ते डेपोपासून सुरू होई.

"दोन पल्ल्यांचं करा सर. डेपोचं गेट बी दोन पल्ल्यांचंच हाय. इकडं एक, तिकडं एक. वजन वाटून जातंय."

सल्ला चांगला होता. पण कॉलनीच्या तोंडाशी एक निवृत्त मुख्याध्यापक राहात, आणि त्यांचं गेट दोन पल्ल्यांचं होतं. ज्या मुख्याध्यापकाने ऐन परीक्षेच्या दिवसांत सरांच्या प्रयोगशाळेला कुलूप लावून ठेवलं होतं, त्याच्या गेटची नक्कल करायची? छे. सरांनी जाहीर केलं, की गेट एका पल्ल्याचं होईल, सलग बारा फूट, आणि एका हाताने ढकललं की पुस्तकाच्या पानासारखं उघडेल.

गेट करायचं तर ते दिलावरनेच, याबद्दल मात्र दुमत नव्हतं. दिलावर सरांचा पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. पालीच्या अलीकडे त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. दुकानावर पाटी नव्हती. दिलावरचा जोड तुटत नाही, असं लोक म्हणायचे, आणि गेवराईपर्यंतची कामं त्याला तेवढ्या एका वाक्यावर मिळायची. बापाने मागे ठेवलेलं काही नाही, शिक्षण अर्धवट, घरात बायको समिना आणि दोन पोरी. त्या माणसाची सगळी इस्टेट म्हणजे हे एक वाक्य. एवढं नीट लक्षात ठेवायला हवं, कारण सरांनी नंतर जे मोडलं ते हेच.

दिलावर टेप घेऊन आला. त्याने जमीन मोजली, खांबावर दोनदा मूठ आपटून पाहिली आणि डोकं खाजवलं.

"सर, एक पल्ला करायचा तर टोकाला खाली चाक लावावं लागंल. फरशीवर पट्टी टाकू, तिच्यावरनं फिरंल."

"चाक? गेट आहे की बैलगाडी?"

"न्हाई सर, चाक न्हाई लावलं तर खांबाला लई वढ बसतीय. इटाचा खांब हाय. न्हाई टिकायचा."

सरांना चाक नको होतं याची दोन कारणं होती. एक म्हणजे अंगणात आणि गेटबाहेर नुकतीच शहाबादी फरशी टाकली होती, तिच्यावर ओरखडे नकोत. दुसरं, चाकाचा आवाज होतो, आणि सर कधी बाहेर गेले नि कधी आले हे नाथाअण्णांना घरबसल्या कळण्याची आणखी सोय त्यांना करून द्यायची नव्हती. ही कारणं सांगितली असती तर दिलावरने रबरी चाक सुचवलं असतं आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण तोवर नाथाअण्णांसकट चार माणसं जमली होती. बत्तीस वर्षं फळ्यापुढे काढलेल्या माणसाला समोर चार माणसं उभी दिसली की साधं बोलता येत नाही. सरांनी वत्सलाबाईंचा रांगोळीचा डबा मागवला आणि फरशीवर ठसठशीत लिहिलं: कार्य = बल × विस्थापन.

"गेट लावलेलं आहे. ते हलतंय का?"

"न्हाई," दिलावर म्हणाला.

"म्हणजे विस्थापन किती?"

"शून्य!" हे नाथाअण्णांनी सांगितलं.

"शाब्बास. आणि बल कितीही असो, शून्याने गुणलं की?"

"शून्य," चौघांनी एका सुरात सांगितलं.

"म्हणजे गेटने खांबावर केलेलं कार्य शून्य. जिथे कार्यच होत नाही, तिथे खांब पडेल कशाने?"

नाथाअण्णांनी मान डोलावली. दिलावरने नाही डोलावली. त्याने पिशवीतून घण काढला आणि सरांच्या हातात दिला. "सर, एवढा घण जरा हात लांब करून धरा बरं."

सरांनी धरला. दहा सेकंद काही झालं नाही. विसाव्या सेकंदाला खांद्यातून कळ निघाली आणि तिसाव्याला हात थरथरायला लागला. घण हलत नव्हता, विस्थापन शून्य होतं, कार्य शून्य होतं, आणि सरांच्या कपाळावर घाम मात्र आला होता.

"आता छातीपाशी धरा, सर. हलका लागतोय का न्हाई? घण त्योच हाय. निस्ता लांब गेला की वढतोय."

दुसरा एखादा माणूस इथे थांबला असता. सर म्हणाले, "हा स्नायूंचा थकवा आहे. ते जीवशास्त्र झालं. खांबाला स्नायू नसतात." लोक हसले. लोक हसले की सरांना राहवत नसे. ते पुढे म्हणाले, "दिलावर, याच धड्याला तू नववीत गचकला होतास ना रे?"

लोक आणखी हसले. दिलावरही हसला. त्याने सरांच्या हातातून घण काढून घेतला, पिशवीत ठेवला आणि म्हणाला, "व्हय सर. तुमी म्हणाल तसं."

सरांचा खांदा दोन दिवस दुखला. वत्सलाबाईंनी बाम चोळला. ते दुखणं गेलं. दिलावर ज्या तऱ्हेने हसला होता ते मात्र सरांना अजून आठवतं, आणि आठवलं की त्यांचा पुढचा घास तोंडाशीच थांबतो.

मग नगरपालिकेची कचेरी. बारा फुटी पल्ला आत उघडला तर गाडीला जागा उरत नाही, म्हणून तो बाहेर उघडणार, आणि बाहेर रस्ता आहे, म्हणून परवानगी हवी. बीडमध्ये सरांचा विद्यार्थी नाही अशी कचेरी शोधून सापडायची नाही. ही नेमकी सापडली. टेबलामागच्या माणसाने नाव विचारलं, शाळा विचारली नाही, तेव्हाच सरांचा चेहरा उतरला.

"गेट उघडताना रस्ता अडतो."

"उघडून झाल्यावर ते शेजारच्या भिंतीला लागून राहतं. रस्ता मोकळा."

"पण उघडताना अडतो ना? नकाशा आणा. गेट बंद दाखवा, गेट उघडं दाखवा."

"दोन नकाशे आणू?"

"नमुन्यात नकाशा एकच आहे."

एकाच गेटला एकाच नकाशात एकाच वेळी उघडं आणि बंद कसं दाखवायचं, यावर सरांनी तीन दिवस काढले. शेवटी एक रेघ शाईची आणि दुसरी ठिपक्यांची काढली. तो नकाशा पाहून त्या माणसाने विचारलं, "ठिपक्यांचं गेट कुणाचं?" पुढच्या खेपेला ते पटलं, तर कळलं की खांब शेजाऱ्याच्या भिंतीत अर्धा आहे, त्यामुळे शेजाऱ्याची हरकत नसल्याचा कागद हवा.

शेजारी म्हणजे रहेमतबी. वय सत्तरीच्या पुढे, नात यास्मिनबरोबर राहात. सर कागद घेऊन गेले, खांबाचं सगळं समजावून सांगायला लागले. रहेमतबींनी ते ऐकलंही नाही. चष्मा शोधता शोधता त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमी करताव म्हंजी बराबरच आसंल. कुठं सही करू?"

सरांना तेव्हा फार बरं वाटलं होतं. आता वाटतं, गावात एक तरी माणूस आपल्यावर शंका घेणारं असायला हवं होतं. एक होता, त्याला आपण चार लोकांत नापास म्हणालो.

परवानगी मिळाली आणि दसऱ्याला गेट बसलं. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. गेट दिसायला खरोखर देखणं होतं; दीड क्विंटलचं लोखंड, पण जोड कुठे आहे ते हात फिरवूनही कळत नव्हतं. बिजागरीच्या बाजूला रहेमतबींची बोगनवेल आडवी येत होती, म्हणून सरांनी आपलं नाव लोखंडी अक्षरांत पार दुसऱ्या टोकाला लावून घेतलं: बद्रीनाथ जोगदंड, बी.एस्सी., बी.एड. "सर, नाव मधी घेऊ का? टोकाला वजन नको," दिलावर हळूच म्हणाला होता. सर म्हणाले, नको. मग नावाखाली पत्रपेटी आली, तीही टोकाला, कारण पोस्टमनला तिथून बरं पडतं.

आणि एकदा टोक सजलं म्हटल्यावर जो तो टोकालाच जाऊ लागला. वत्सलाबाईंना ओल्या वाकळा वाळत घालायला तेवढंच उन्हाचं टोक सापडलं. नाथाअण्णा संध्याकाळी गप्पांना आले की दोन्ही कोपरं टोकावर टेकवून उभे राहात, आणि एसटीच्या आठवणी निघाल्या की अंग सैल सोडून देत. एसटीच्या आठवणीही बत्तीस वर्षांच्या होत्या, त्यामुळे पाऊण तास कुठे जात नसे.

आठव्या दिवशी कडी कोंड्यात बसेना. बोटभर खाली आली होती. सरांनी पायाने पल्ला जरा उचलून कडी लावली आणि कुणी पाहिलं नाही ना, ते पाहिलं. दहाव्या दिवशी फरशीवर पांढरा कमानदार ओरखडा उमटला. चाकाने उमटला असता तोच, फक्त जास्त खोल. बाराव्या दिवशी सरांनी टोकाखाली वीट सरकवली.

"सर, वीट कावून ठिवली?" नाथाअण्णांनी लगेच विचारलं.

"वाऱ्याने हलू नये म्हणून."

बीडला त्या दिवसांत वारा नावालाही नव्हता. नाथाअण्णांनी वर आभाळाकडे पाहिलं, पण सरांनी सांगितलंय म्हटल्यावर काही म्हणाले नाहीत.

मग खांबाला चीर गेली. सरांनी तिच्या टोकाशी पेन्सिलीने खूण केली आणि तारीख घातली. रोज सकाळी चीर तारखेच्या पुढे गेलेली असे आणि सर नवी तारीख घालत. वैज्ञानिक निरीक्षण म्हणतात ते हेच, असं त्यांनी वत्सलाबाईंना सांगितलं. वत्सलाबाई म्हणाल्या, "ते निरीक्षण दिवाळीपर्यंत उभं राहील का तेवढं बघा."

दिवाळीला चार दिवस उरले असताना यास्मिन आली. ती बारावीला होती, नीटची तयारी करत होती. "सर, आमच्या बाजूनं खांब फुगल्यावाणी दिसतोय. दादी म्हणाली, सरांना सांगून ये."

सरांनी तिला बसवलं, आणि नवा अभ्यासक्रम जरा चाळून बघायचाय असं सांगून तिचं अकरावीचं पुस्तक मागून घेतलं. खरी गोष्ट अशी, की सर अंबाजोगाईला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना त्यांना कावीळ झाली होती. पाच आठवडे गावी राहून उसाचा रस पिऊन ते परतले, तोवर वर्गात एक प्रकरण होऊन गेलं होतं. परीक्षेत त्या प्रकरणाला पर्याय होता, सरांनी पर्याय सोडवला. पुढे नोकरी शाळेत लागली. नववीच्या पुस्तकात कार्य होतं, ते त्यांनी बत्तीस वर्षं शिकवलं. ते प्रकरण नव्हतं. त्यांच्या ज्ञानात एवढा एक खड्डा राहून गेला होता आणि त्यावर आजवर कुणाचा पाय पडला नव्हता, त्यांचा स्वतःचाही नाही.

पुस्तकात पान उघडलं, त्यावर 'बलाचे आघूर्ण' असं प्रकरण होतं, टॉर्क म्हणतात ते. पहिली आकृती दाराची होती. बिजागरीवर टांगलेल्या दाराची.

सरांनी चष्मा पुसला. मग परीक्षा घेतल्याचा आव आणून म्हणाले, "सांग बघू, कार्य आणि आघूर्ण यात फरक काय?"

"सर, दोन्हीकडं बल गुणिले अंतरच आहे. एककसुद्धा तेच, न्यूटन-मीटर. म्हणून मुलं फसतात." यास्मिन घडाघडा सांगायला लागली. "पण कार्य व्हायला वस्तू हलावी लागती, बलाच्या दिशेनं. आघूर्णाला काही हलावं लागत न्हाई. बल आडवं लागलं आणि टेकूपासून लांब लागलं, की पीळ बसतोच. जितकं लांब तितका जास्त. आता हे तुमचं गेटच घ्या ना सर. उभंच आहे, कार्य शून्य. पण वरची बिजागरी खांबाला गेटकडं ओढतीय, खालची उलटी ढकलतीय. रात्रंदिवस. चाक असतं तर वजन जमिनीवर गेलं असतं."

ती थांबली. सरांचा चेहरा पाहून तिला वाटलं आपलं काही चुकलं. "बरोबर आहे ना सर?"

"बरोबर आहे," सर म्हणाले. "दहापैकी दहा."

हे सगळं दिलावरने एका घणात सांगितलं होतं.

अजून चार दिवस होते. दिलावरला एक फोन केला असता, तर त्याने तासाभरात चाक लावलं असतं. सरांनी तीनदा फोन हातात घेतला. पण फोन करायचा म्हणजे काय म्हणायचं? की तू सांगत होतास ते बरोबर होतं? तेही चाललं असतं. पण चाक लागलं की नाथाअण्णा विचारणार, चाक कावून? मग मुख्याध्यापकांपर्यंत ते जाणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला सांगून सरांनी फोन ठेवला आणि वत्सलाबाईंना बजावलं, की गेट सध्या कुणी उघडायचं नाही. गाडी आत घेण्यासाठी केलेलं गेट गाडी येईपर्यंत उघडायचं नाही, हे वत्सलाबाईंना कळलं नाही, पण त्यांनी वाकळ काढून घेतली.

रविराज सांगितल्यापेक्षा एक दिवस आधी आला, सकाळी साडेनऊला. आईबाबांना चकित करायचं म्हणून हॉर्नही वाजवला नाही. गाडी रस्त्यावर उभी करून खाली उतरला, पायाने वीट बाजूला केली, कडी काढली आणि गेट ओढलं. सर न्हाणीघरातून "अरे थांब!" म्हणून ओरडले, तोवर पल्ला अर्धा फिरला होता. आधी खांबातून कुरकुर झाली. मग खांबाने हळूहळू, कुणाला तरी वाकून नमस्कार केल्यासारखं, रस्त्याकडे अंग टाकलं. रविराजने उडी मारली म्हणून वाचला. गाडीला उडी मारता येत नव्हती.

धूळ खाली बसली तेव्हा गेट गाडीच्या बॉनेटवर उताणं पडलेलं होतं, आणि नाव मात्र आकाशाकडे तोंड करून स्पष्ट वाचता येत होतं. बी.एस्सी., बी.एड.सकट.

पाच मिनिटांत कॉलनी जमली. रहेमतबींच्या भिंतीचं हातभर भगदाड पडलं होतं. रविराज गाडीभोवती फेऱ्या घालत होता. "बाबा, रस्त्यावर लावली असती तरी चाललं असतं हो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. आणि मग नाथाअण्णांनी ते म्हटलं.

"काम कुणाचं? दिलावरचं ना? खांब पडणार न्हाई हे सरांनी फरशीवर लिहूनच दावलं हुतं. माल हलका वापरला आसंल बघा. आजकाल कुणाचा भरोसा न्हाई राह्यला."

मुख्याध्यापकही आले होते. ते म्हणाले, "जिन्याच्या कठड्याचं काम मी त्याला देणार होतो. बरं झालं, आधीच कळलं."

त्या वेळी सर ओल्या केसांनी, खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभे होते. त्यांना कार्य माहीत होतं, आघूर्ण माहीत होतं, चूक कुणाची तेही माहीत होतं. तोंड उघडायचं तेवढं बाकी होतं. त्यांनी उघडलं नाही. पुढे त्यांनी स्वतःला पुष्कळ कारणं दिली, की मुलगा समोर होता, अंगावर नीट कपडे नव्हते, ती वेळच नव्हती. पण खरं कारण एकच होतं. त्यांना लाज वाटली, आणि दिलावरची बदनामी त्यांना त्या क्षणी आपल्या लाजेपेक्षा स्वस्त वाटली.

दुपारी दिलावर टेम्पो घेऊन आला. पडलेल्या खांबापाशी उकिडवा बसून त्याने तुटलेल्या विटा हातात घेऊन पाहिल्या. वर बघून म्हणाला, "माफ करा सर. सणासुदीचं असं झालं." मग गेट टेम्पोत चढवलं आणि जायच्या आधी रहेमतबींच्या भिंतीचं भगदाड स्वतः विटा लावून बुजवलं. सर खिडकीतून बघत होते. बाहेर गेले नाहीत.

दिवाळी कशीबशी झाली. चिवड्याला चव नव्हती, असं रविराज म्हणाला नाही, पण त्याने तो घेतला नाही. भाऊबीज उरकून तो दबलेल्या बॉनेटची गाडी घेऊन पुण्याला गेला. त्या दिवसांत सरांना कॉलनीत जो भेटे तो म्हणे, "तुमच्यासारख्या देवमाणसाला फसवलं त्यानं." गेवराईच्या एका माणसाने दिलावरला दिलेलं काम परत घेतल्याचंही कानावर आलं. जोड एकही तुटला नव्हता, सगळे जोड गाडीवर पडूनही जसेच्या तसे होते, पण ते कोण बघतो?

शेवटी सर एका सकाळी स्कूटर काढून त्याच्या दुकानात गेले. दिलावर एकटाच होता. तेच गेट आडवं टाकून त्याच्या चौकटीला तो आणखी जाड पाइप जोडत होता. सरांना बघून त्याने तोंडावरचं झाकण वर केलं आणि घाईने स्टूल पुसलं.

"दिलावर, हे काय करतोयस?"

"तुमचंच हाय सर. परत बसवायचं ना. आता खांब सिमेंट-काँक्रीटचा करतो, सळ्या टाकून, चार फूट खोल. मग बिनचाकाचं बी टिकंल."

"बिनचाकाचं? अरे, चाक लाव ना. ते सोपं आहे."

दिलावर पाइपावरचा कचरा हातोडीने टिपत राहिला.

"चाक का नको?" सरांनी पुन्हा विचारलं.

"चाक लावलं तर लोकांला कळंल, सर."

"काय कळेल?"

"की तवाच लावाया पायजे हुतं."

सरांचे कान गरम झाले. मग ते म्हणाले, "तुला ठाऊक होतं तर केलंस कशाला बिनचाकाचं? नाही म्हणायचं होतंस."

"माझा हात म्हणत हुता, पडंल." दिलावर खरोखरच विचार करून सांगत होता, त्यात टोमणा कुठेच नव्हता. "पर तुमी फरशीवर लिहून दाखवलं. मंग मी म्हनलं, आपल्यालाच कळत नसंल. नापास पोरानं हाताचं ऐकावं, का सरांचं?"

सरांचे डोळे भरून आले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. "मला तो धडा येत नव्हता रे," ते म्हणाले. "कधीच येत नव्हता. तू चाक लाव. सगळ्यांसमोर लाव. मी सांगतो त्यांना."

"कशाला सर? ऱ्हाऊ द्या."

"लाव म्हणतो ना!"

रविवारी सकाळी नवा खांब उभा होता आणि त्यावर गेट चढलं होतं. टोकाखाली दिलावर चाक बसवत होता. सरांनी घरोघर जाऊन लोकांना बोलावलं होतं. नाथाअण्णा, मुख्याध्यापक, रहेमतबी खुर्ची टाकून, आणखी दहा-पंधरा माणसं. गेट का पडलं ते कळलेली यास्मिन तेवढी क्लासला गेली होती.

सर पायरीवर उभे राहिले. "तुम्हा सर्वांना सांगायचंय, की गेट पडलं त्यात दिलावरची काहीही चूक नव्हती. तो पहिल्या दिवसापासून चाक लावा म्हणत होता. मी ऐकलं नाही. उलट तुमच्यासमोर त्याला हसलो. मी फरशीवर जे लिहिलं ते या ठिकाणी लागूच नव्हतं. मला तो भाग येत नव्हता. चूक माझी होती."

रहेमतबींनी डोळ्यांना पदर लावला. नाथाअण्णा दोन पावलं पुढे आले.

"बघा," ते लोकांकडे वळून म्हणाले. "ह्याला म्हणत्यात गुरू. पोरगं चुकलं तर त्याचं पाप आपल्या अंगावर घेतलं. आपल्या पोराची गाडी गेली, तरी एका शब्दानं त्याला बोलले न्हाईत."

"अहो, तसं नाही," सर म्हणाले.

"विद्यार्थ्याला सांभाळून घ्यावं तर असं," मुख्याध्यापक म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सरांना हात जोडले.

"अहो, मी खरं सांगतोय! आघूर्ण म्हणून एक प्रकार असतो. वस्तू हलली नाही तरी पीळ बसतो. कार्य वेगळं आणि ते वेगळं." सरांनी हात लांब करून दाखवला, छातीशी धरून दाखवला. जसजसं ते समजावत गेले तसतशी लोकांची खात्री पटत गेली, की एवढं येणारा माणूस चुकणं शक्यच नाही.

"मास्तर, तुमचं दिल लई मोठं," रहेमतबी म्हणाल्या.

सर पायरी उतरून खाली आले. आता एकच साक्षीदार उरला होता. "दिलावर," ते जवळजवळ विनवणीने म्हणाले, "तू सांग यांना. चूक कुणाची होती?"

सगळ्यांनी दिलावरकडे पाहिलं. तो गेटच्या टोकाशी गुडघ्यावर बसला होता, हातात पान्हा होता. त्याने नट आवळला, पुन्हा एकदा आवळून पाहिला. सरांकडे वर बघितलं नाही.

"माझी, सर," तो म्हणाला.

नाथाअण्णांनी मान डोलावली. दिलावर उठला, पान्हा पिशवीत ठेवून बाजूला सरला आणि म्हणाला, "आता उघडून बघा, सर."

सरांनी हात लावला. गेट एका बोटाच्या जोराने फिरलं आणि आवाज न करता सरळ रहेमतबींच्या भिंतीला जाऊन लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या सरांसाठी होत्या.